साडेसहाची फोडणी

नीलिमाला तीन वर्षांत अकरा पत्रं आली, आणि अकराही पत्रांनी तिच्या स्वयंपाकाची लाज काढली. जाड पांढरा कागद, कोपऱ्यात इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या एजन्सीचं निळं चिन्ह, खाली कुणा मिस्टर कीननची सही. मजकूर थोडाफार फिरवलेला असायचा. तीव्र वास, जळका वास, वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांना होणारा त्रास, सामाईक इमारतीत राहण्याची शिस्त. पहिलं पत्र आलं तेव्हा तिला आयर्लंडमध्ये येऊन पाच महिने झाले होते. घरात अजून धड चार भांडी नव्हती, आणि वास मात्र इमारतभर झाला होता.

डब्लिनची लिफी नदी समुद्राला मिळते तिथे, दक्षिणेच्या काठावर, रिंग्सएंड नावाची दाटीवाटीची वस्ती आहे. गोदी कामगारांची बुटकी घरं एकमेकांना खांदा लावून उभी, दार उघडलं की पाय थेट रस्त्यावर. भरभराटीच्या वर्षांत त्या घरांच्या डोक्यावर काचेच्या आणि लाकडी फळ्यांच्या इमारती येऊन बसल्या. गॅनेट कोर्ट ही त्यातलीच एक, पाच मजल्यांची. एका खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसायच्या, दुसरीतून वीजकेंद्राची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची दोन धुराडी. वारा पूर्वेचा असला की सांडपाण्याचा आंबूस दर्प सगळ्या वस्तीवर येऊन बसायचा, बसमधली माणसं खिडक्या लावून घ्यायची. त्या वासाबद्दल गॅनेट कोर्टमध्ये कुणालाही कधी पत्र आलं नाही.

नीलिमा रत्नागिरीची, मिऱ्या बंदराजवळची. सुकत घातलेल्या मासळीच्या वासात वाढलेली. पुढे सिव्हिल इंजिनिअर झाली, पुण्यात पाच वर्षं साइटवर उन्हात उभी राहिली, सळ्यांमधलं अंतर चुकलं म्हणून भरायला घेतलेला स्लॅब थांबवला. विवेकला लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात नोकरी लागली, त्याने इथे घर घेतलं, आणि २००८ साली ती दोन वर्षांच्या रेवाला घेऊन त्याच्यामागून आली. पासपोर्टवर जो शिक्का बसला त्याने तिला राहायला परवानगी दिली, काम करायला नाही. एजन्सीच्या फाइलीत ती 'तीन-बीच्या मालकाची पत्नी' होती.

पत्रं आली तेव्हा तिने जे केलं ते आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी परदेशात केलेलं आहे. तिने पत्रांवर विश्वास ठेवला. चूक आपलीच, आपल्या हिंगाची, आपल्या मोहरीची. आधी तिने मिरच्या बंद केल्या. मग मोहरी तडतडायच्या आत झाकण ठेवायला शिकली. हिंगाची डबी तीन पिशव्यांत गुंडाळून बाल्कनीत ठेवली, तर चौथ्या पत्रात बाल्कनीत वस्तू ठेवण्यासही मनाई असल्याचं कळवण्यात आलं. घरातल्या सगळ्यांचे कोट प्लास्टिकच्या पिशव्यांत बेडरूममध्ये गेले. रेवा शाळेत जायला लागल्यावर तर नीलिमा रोज सकाळी तिचा जंपर, म्हणजे शाळेचा स्वेटर, नाकाशी धरून पाहायची.

"मॅम, इट्स ग्रँड," रेवा इथल्या मुलांच्या बोलीत आईला म्हणायची, ठीक आहे या अर्थी, आणि जंपर ओढून घ्यायची.

आमटी म्हणजे डाळीचं कोमट पाणी झालं होतं. विवेक बाराबारा तासांची शिफ्ट करून यायचा, भात कालवायचा आणि म्हणायचा, "काय गं, कुणी आजारी आहे का घरात?" चेष्टाच ती, पण नीलिमाला लागायची. एवढं करूनही घरी पाहुणे असले, किंवा तिलाच राहवलं नाही, की संध्याकाळी साडेसहाला एखादी खरी फोडणी व्हायची. आठवड्याभरात पत्र हजर.

'वरच्या मजल्यावरचे रहिवासी' कोण, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. डोक्यावरचं चौथ्या मजल्यावरचं घर मंदीत रिकामं झालं होतं, मालक ऑस्ट्रेलियाला निघून गेला होता. त्याच्या वर, पाचव्यावर, क्रिस्टी बर्न हा म्हातारा एकटा राहायचा. चाळीस वर्षं गोदीत कोळसा उतरवलेला माणूस. नाकात प्राणवायूची नळी, मागे चाकांवर सिलिंडर. त्याची ती छाती आणि आपल्या मिरच्या, या विचाराने नीलिमा इतकी शरमून गेली होती की तो लिफ्टशी दिसला की ती जिन्याने जायची. तीन वर्षं तिने त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

आणि मग २०११च्या ऑगस्टमध्ये अकरावं पत्र आलं. तिच्या घरातून कुजक्या मासळीचा वास येतो, असं त्यात लिहिलं होतं.

नीलिमाने पत्र दोनदा वाचलं. श्रावण सुरू होऊन वीस दिवस झाले होते. मिऱ्या बंदरची मुलगी असली तरी श्रावणात तिच्या घरात मासळीचा काटा येत नसे, इथेही नाही. फ्रीजमध्ये दूध, पनीर आणि भोपळा होता. पहिल्यांदाच तिच्या डोक्यात लाजेऐवजी तिडीक गेली. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि साइटवर ओल कुठून येते ते शोधायची तशी एकेक कोपरा हुंगू लागली.

वास खराच होता. सिंकखालच्या कपाटाचं, ज्याला इथे प्रेस म्हणतात, दार उघडलं आणि तो भसकन तोंडावर आला. तिने साबणाच्या बाटल्या बाहेर काढल्या, मागची पातळ फळी सरकवली. भिंतीत मोठ्या ताटाएवढं भोक होतं. त्यातून नळ आणि तारा मागच्या डक्टमध्ये गेल्या होत्या आणि उरलेली जागा तशीच उघडी होती. आतून गार झुळूक येत होती.

श्रावणी सोमवार होता. देवापुढे उदबत्ती जळत होती. तिने ती उचलली आणि भोकाशी धरली. धुराची रेघ क्षणभर डगमगली, मग वाकली आणि सरळ आत, वर खेचली गेली.

नीलिमा जमिनीवर बसली. पाइपांची ही पोकळी प्रत्येक मजल्याच्या स्लॅबशी बुजवायची असते, आग अडवणारं साहित्य भरून, घट्ट. शिकाऊ इंजिनिअरलाही ठाऊक असलेली गोष्ट. नाहीतर खालच्या घरात पेटलेली आग धुराड्यासारखी त्यातून वर जाते, आणि आगीच्या आधी धूर जातो. मासळीचा वास ज्या वाटेने आला त्याच वाटेने उद्या काय येईल, हे कळायला तिला दुसऱ्या उदबत्तीची गरज नव्हती. कपाटाच्या भिंतीपलीकडे रेवाचा पलंग होता.

वास खालून येत होता, म्हणून ती खाली गेली. दुसऱ्या मजल्यावर मिसेस बे राहायच्या. कोरियातल्या बुसान बंदराच्या, जहाजांची इंजिनं तपासणाऱ्या नवऱ्याबरोबर आलेल्या. त्यांच्या सिंकवर दोरीला पाचसहा मासे शेपटीने टांगलेले होते, अर्धवट सुकलेले. नीलिमाच्या हातातलं पत्र पाहून त्यांनी काही न विचारता खण उघडला आणि आपली पत्रं टेबलावर मांडली. सात होती. सातांत मिळून जळक्या मिरच्यांचा उल्लेख पाच वेळा.

"मिरच्या मी कधी जाळत नाही," मिसेस बे म्हणाल्या. "मला वाटलं, माझं नाक बिघडलं."

"त्या माझ्या आहेत."

"आणि हे मासे माझे."

भिंतीवर एक फोटो होता. समुद्रात घुसलेलं एक टेकाड, त्यावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत घरावर घर, छपराला छप्पर, मधून जिन्यांसारख्या गल्ल्या, खाली जहाजदुरुस्तीच्या गोद्या. मिसेस बे त्या वस्तीत वाढल्या होत्या. "इथल्यापेक्षा दाट," त्या म्हणाल्या. "कुणाकडे काय शिजतंय ते सगळ्या गल्लीला कळायचं. वास आवडला तर वाटी घेऊन जायचं. आवडला नाही तर नाक धरून जायचं. पत्र कशाला लिहायचं?"

दोघी मिळून पाचव्या मजल्यावर गेल्या. क्रिस्टीने दार उघडलं, नळी सारखी केली, आणि नीलिमाकडे बघून म्हणाला, "साडेसहावाली. शेवटी आलीस म्हणायची. मला वाटलं, तुला माझा राग आहे."

"मला? तक्रारी तुम्ही केल्या ना, मिस्टर बर्न?"

"केल्या की. अकरा केल्या." तो खुर्चीत बसला, दम घेतला. "सिंकखालून गार वारा येतो म्हणून. भोक बुजवा म्हटलं. त्यांनी विचारलं, कुठून येतो वारा? मी म्हटलं, खालून, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीचं जेवण त्याच्याबरोबर येतं. फर्स्ट क्लास जेवण असतं, तेही सांगितलं. परवा तर मासळीही आली म्हटलं. दर वेळी म्हणायचे, लक्ष घालतो."

नीलिमाची कानशिलं तापली होती. अकरा वेळा या माणसाने भोक सांगितलं, आणि अकरा वेळा एजन्सीच्या माणसांनी भोक सोडून तिची फोडणी धरली, त्यातल्या सात वेळा मिसेस बेंनाही पत्र धाडलं. भोक बुजवायला गवंडी लागला असता. तिला गप्प करायला एक पाकीट पुरलं.

"तुमच्या सिलिंडरपासून ते भोक किती लांब आहे?" तिने विचारलं.

क्रिस्टीने बोट दाखवलं. चार पावलं.

दुसऱ्या दिवशी तिने एजन्सीला फोन केला. मिस्टर कीनन फार सभ्य आवाजात बोलले. इमारत नियमांप्रमाणे बांधल्याचा दाखला फाइलीत आहे. दाखल्यावर वास्तुविशारदाची सही आहे. वास्तुविशारद कुणाचा? बिल्डरने नेमलेला. बिल्डर कुठे आहे? ती कंपनी आता अस्तित्वात नाही. डक्ट उघडून बघायला कुणी पाठवाल का?

"हे बघा, मॅडम," कीनन म्हणाले, "वासाचा प्रश्न हा बऱ्याचदा जीवनशैलीचा असतो. एकदा तुमच्या मिस्टरांना फोन करायला सांगता का?"

मिस्टर संध्याकाळी घरी आले आणि सगळं ऐकून सिंकखाली डोकं घालून आले. उठले तेव्हा चेहरा उतरलेला होता. पण विवेक म्हणाला, "नीलू, थोडं थांबू या. नागरिकत्वाचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही. शिवाय हे बाहेर आलं तर आख्खी इमारत रिकामी करायला लावतील. कुठे जायचं? हे घर कोण घेईल?"

"म्हणजे आपण राहायचं आणि वर क्रिस्टीने राहायचं. आणि कुणी काही बोलायचं नाही."

"मी असं म्हटलं का?"

"मग काय म्हटलंस? तीन वर्षं मी तुला डाळीचं पाणी वाढलं, विवेक. मला वाटायचं, आपण घाण करतोय. माझ्या आईच्या मसाल्याचा डबा मी बॅगेत कुलूप लावून ठेवलाय. तो माणूस मला जीवनशैली शिकवतो, आणि त्याच्या इमारतीत स्लॅबला भोकं आहेत. मी साइटवर असते तर असलं काम मी एका दिवसात तोडायला लावलं असतं."

"तू साइटवर नाहीयेस पण."

हे तो बोलून गेला. शिक्का त्याच्या नोकरीमुळेच बसला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग तोच म्हणाला, "कुलूप काढ त्या बॅगेचं. धूर कुठवर जातो ते मोजून दाखवू. चाचणीला शनिवार बरा, मी घरी असतो."

शनिवारी मसाल्याचा डबा बाहेर आला. नीलिमाने साइटवर करायची तसा कागदावर तक्ता आखला: मजला, वेळ, काय आढळलं. मिसेस बे आपल्या सिंकशी बसल्या, क्रिस्टीच्या घरी विवेक. चौथ्या मजल्याची किल्ली घर दाखवणाऱ्या मुलीकडून मिळाली, तिला वाटलं गिऱ्हाईक आलंय. तिथे जवळच राहणारी क्रिस्टीची बहीण खुर्ची टाकून बसली. क्रिस्टीने मात्र चाचणी संपेपर्यंत बाल्कनीत बसायचं, खिडकी लावून, असं नीलिमाने बजावून ठेवलं.

साडेसहाच्या जरा आधी तिने कढईत तेल तापत ठेवलं. ठोक्याला मोहरी, हिंग, आणि वीस सुक्या मिरच्या, काळ्या पडेपर्यंत. एवढा ठसका तिने आयुष्यात मुद्दाम कधी उठवला नव्हता. पदराने नाक झाकून ती घड्याळाकडे बघत राहिली.

चौथा मजला, सहा बत्तीस, खोकला. पाचवा मजला, सहा तेहतीस, विवेकचा खोकला इतका की त्याने फोनवर फक्त "आलं, आलं" एवढंच म्हटलं. दुसरा मजला, सहा एकोणचाळीस, सौम्य, डोळ्यांत पाणी. पाचव्या मजल्यावर पोचायला धुराला तीन मिनिटं लागली होती. क्रिस्टीला सिलिंडर ओढत जिना उतरायला चौदा लागतात, हे तिने आधीच मोजून ठेवलं होतं.

तो तक्ता, भोकांचे फोटो आणि एजन्सीची अठरा पत्रं तिने अग्निशमन दलाला पाठवली. खाली नाव लिहिलं, आणि नावापुढे सिव्हिल इंजिनिअर. ते लिहायला कुठल्या शिक्क्याची परवानगी लागत नाही.

बारा दिवसांनी एक अधिकारी बाई आल्या, सोबत कीनन. नीलिमाने त्यांना पहिल्यांदा पाहिलं. तरुण होते, चांगला कोट होता, आणि दारातून आत येताना नकळत नाक आक्रसून घेतलं होतं. अधिकारी बाईंनी पाचव्या मजल्यावर फळी काढून विजेरीचा झोत खाली सोडला. तिसऱ्या मजल्यावर आपल्या सिंकखाली नीलिमाला तो तळहातावर झेलता आला.

"ही चाचणी कुणी केली?" बाईंनी तक्ता हातात धरून विचारलं.

"तीन-बीच्या मालकांच्या पत्नीने," कीनन म्हणाले. "स्वयंपाकाच्या वासाची जुनी तक्रार आहे ती."

"वासाची तक्रार माझी नव्हती, माझ्यावर होती," नीलिमा म्हणाली. "मी सिव्हिल इंजिनिअर आहे. आणि मिस्टर बर्न यांनी या भोकाची खबर तुमच्या ऑफिसला अकरा वेळा दिली आहे. तारखा हव्या असतील तर मला आलेल्या पत्रांवर आहेत. त्यांनी फोन केला की आठवड्यात मला पत्र यायचं."

बाईंनी कीननकडे पाहिलं. कीननने फाइलीकडे.

पुढे जे झालं त्यात न्याय शोधायला गेलं तर फारसा सापडत नाही. हुकूम निघाला. वरचे दोन मजले रिकामे करायचे, बाकीच्यांसाठी प्रत्येक मजल्यावर रात्रंदिवस पहारेकरी, आणि डक्ट तळापासून माथ्यापर्यंत उघडून बुजवायचा. बिल्डरची कंपनी उरलीच नव्हती, दाखल्यावर सही करणारा सापडला नाही, आणि खर्च शेवटी तिथे राहणाऱ्यांवरच पडला. क्रिस्टी आठ महिने बहिणीच्या बुटक्या घरात, जिन्याखालच्या खोलीत झोपला. जाताना त्याने नीलिमाला फक्त एवढंच विचारलं, की तिथे साडेसहा वाजल्याचं त्याला कोण सांगणार. दोन शेजाऱ्यांनी नीलिमाशी बोलणं टाकलं. इमारतीचं नाव खराब केलं म्हणे. भोकं ठेवणाऱ्यांशी कुणी बोलणं टाकलं नव्हतं, कारण ते तिथे राहतच नव्हते.

तिने एजन्सीकडे एकच मागणी केली. अकरा पत्रं मागे घेतल्याचं बारावं पत्र. तीनदा मागितलं. 'आपला अभिप्राय नोंदवला आहे' असं उत्तर तीनदा आलं.

२०१२च्या जूनमध्ये काम संपलं. कीनन अंतिम तपासणीसाठी आले, सोबत कंत्राटदाराचा माणूस धूर सोडायचं छोटं यंत्र घेऊन.

"यंत्र राहू द्या," नीलिमा म्हणाली. "पहिली चाचणी ज्याने झाली त्यानेच दुसरी होईल. नाहीतर तुलना कशाशी करणार?" कंत्राटदाराच्या माणसाने खांदे उडवले, आणि आपलं नाक काय म्हणतं ते बघायला चौथ्या मजल्यावर गेला. क्रिस्टी कालच घरी परतला होता. तो बाल्कनीत, खिडकी लावून. त्याच्या सिंकशी मिसेस बे.

नीलिमाने स्वयंपाकघराचं दार लावलं, खिडकी लावली, पंखा बंद केला. कीनन फाइल छातीशी धरून फ्रीजजवळ उभे. तेल तापलं. मोहरी, हिंग, वीस मिरच्या.

सहा बत्तीसला चौथ्या मजल्याचा फोन आला, काही नाही. सहा पस्तीसला मिसेस बे म्हणाल्या, काही नाही, भोकाला नाक लावलंय तरी नाही. मागून क्रिस्टीने खिडकी फटीएवढी उघडून ओरडून विचारलं, "खरंच काही नाही? थोडंसुद्धा?" आवाजात जरा निराशाच होती.

धुराला आता वर जायला वाट नव्हती. तो छताला लागला, वळला आणि खाली उतरला. नीलिमाने पदर नाकावर घेतला. ती जन्मभर यात वाढली होती. कीननना आधी शिंक आली, मग खोकला, मग ते ओट्यावर हात टेकून वाकले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"खिडकी," ते म्हणाले.

"दहा मिनिटांची नोंद असते, मिस्टर कीनन. पाचच झालीत." तिने तक्ता त्यांच्यापुढे सरकवला, पेन वर ठेवलं, आणि खणातून एक कागद काढून शेजारी ठेवला. तिनेच टाइप केलेला, चार ओळींचा. अकराही पत्रं निराधार होती आणि एजन्सी ती मागे घेत आहे. "तोवर हे वाचून ठेवा."

त्यांनी वाचलं की नाही कोण जाणे. ओल्या डोळ्यांनी फारसं दिसत नसणार. पण सही केली, दोन्ही कागदांवर, तीच सही जी अकरा पत्रांखाली होती, फक्त थोडी वाकडी.

सहा चाळीसला नीलिमाने शेवटची नोंद लिहिली आणि खिडकी उघडली. बाहेर वारा पूर्वेचा होता. मग तिने शिजलेली डाळ कढईत ओतली, मीठ-गूळ घातलं, आणि पाचव्या मजल्यासाठी एक डबा बाजूला काढला.